मचाण, बाण आणि वर्म

कॉलेजातला एक मित्र गेली काही वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये आहे. आमच्यासारखाच कोड पाडणारा माणूस, पण तिकडे जाऊन त्याला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा नाद लागला. मागच्या महिन्यात त्याने एक फोटो पाठवला. जमिनीपासून वीसेक फूट उंच, झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेली लोखंडी खुर्ची, आणि तीत कमरेला सुरक्षेचा पट्टा लावून बसलेले आमचे साहेब. खाली एक ओळ: "याला मराठीत काय म्हणतात रे?"

मचाण म्हणतात, असं कळवलं. मग त्याने दुसरा प्रश्न टाकला. वरून बाण मारताना नेमका कुठे मारायचा याच्यावर तिकडे लोक तासन् तास वाद घालतात. आपल्याकडे या विषयावर कुणी काही लिहून ठेवलंय का? मी सीप्झमध्ये बसून बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो. शिकार सोडा, घरातली पालही मला मारवत नाही. पण प्रश्न डोक्यात अडकला, आणि दोन-तीन वीकेंड त्यातच गेले.

मंडळी, आधी गणित उरकू. इंजिनियरिंगची चार वर्षं कधीतरी वसूल व्हायला नकोत का?

समजा तुम्ही हरणाच्या छातीपेक्षा ६ मीटर उंच बसला आहात आणि हरीण जमिनीवरून मोजलं तर २० मीटरवर आहे. तिरकं अंतर पायथागोरसने येतं २०.९ मीटर. गुरुत्वाकर्षणाला मात्र तुमच्या तिरक्या अंतराशी देणंघेणं नसतं, त्याला आडवे २० मीटरच कळतात. म्हणून वरून मारताना नेम तिरक्या अंतराचा धरला तर बाण थोडा वर लागतो. किती वर? सेकंदाला ५० मीटर वेगाचा साधा लाकडी धनुष्याचा बाण धरला तर साडेतीन सेंटिमीटर. बस्स. अंतर मोजायच्या यंत्रात कोसाइन घातल्याची जाहिरात करून कंपन्या पैसे घेतात ते एवढ्यासाठी. गंमत म्हणजे खालून वर मारतानाही हिशोब हाच. द्रोणाचार्यांनी झाडावरच्या पक्ष्याचा डोळा दाखवून परीक्षा घेतली तेव्हा अर्जुनालाही हेच गणित लागू होतं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती हरणाच्या आत आहे. बाण अंगात शिरल्यावरही तिरकाच जातो. हरणाची छाती साधारण ३० सेंटिमीटर रुंद धरा. २० मीटरवर उभं असलेल्या हरणात बाण या बाजूने त्या बाजूला जाईपर्यंत ९ सेंटिमीटर खाली उतरतो. तेच हरीण झाडाच्या बुंध्याजवळ, ५ मीटरवर आलं, तर कोन होतो ५० अंशांचा आणि उतार होतो ३६ सेंटिमीटर! म्हणजे शिरला बरगड्यांच्या मध्यावर आणि निघाला पोटाखालून. वाटेत एक फुफ्फुस लागलं, दुसरं राहिलं. आणि एका फुफ्फुसावर हरीण किलोमीटरच्या किलोमीटर पळू शकतं. नवशिक्याला वाटतं जनावर जितकं जवळ तितकं सोपं. मचाणावरून ते उलटं आहे. म्हणून जाणते शिकारी सांगतात की बाण कुठे शिरणार ते बघू नका, कुठून निघणार ते बघा. पलीकडचा पुढचा पाय डोळ्यासमोर आणा आणि त्याच्या वर बाहेर येईल असा नेम धरा. हरीण आडवं उभं हवं, किंवा किंचित पाठमोरं. समोरासमोर असेल, अगदी झाडाखाली असेल, तर हात आवरा.

बंदुकीची गोळी आणि बाण यांच्यात मूळचा फरक आहे तो इथे लक्षात घ्यायला हवा. गोळी हाड मोडते, धक्क्याने जनावर जागेवर बसवते. बाणात ती ताकद नाही. बाण मारतो तो फक्त रक्तस्रावाने. खांद्याच्या फऱ्याचं हाड मध्ये आलं तर तो थांबूही शकतो. म्हणून त्याला जागा एकच: कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, जिथे दोन्ही फुफ्फुसं आणि त्यांच्यामध्ये हृदय आहे. तिथे लागला तर दहा-पंधरा सेकंदांत खेळ संपतो. यकृतात लागला तर काही तास. पोटात लागला तर अर्धा दिवससुद्धा, आणि तो अर्धा दिवस ते जनावर कुठेतरी झुडपात कसं काढत असेल याची कल्पना करू नये. जमिनीवर पडलेल्या रक्तावरून हे वाचतात: फेसाळ गुलाबी असेल तर फुफ्फुस, काळपट असेल तर यकृत, हिरवट आणि घाण वास असेल तर पोट. पोटात लागलंय असं दिसलं तर मागे धावायचं नाही, तासन् तास थांबायचं, कारण पाठलाग केला तर ते मरता मरता आणखी लांब जातं आणि मग सापडतच नाही.

अजून एक भानगड. धनुष्याच्या दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. वरच्याच उदाहरणात आवाजाला लागतात ०.०६ सेकंद आणि बाणाला ०.४२. मधल्या ०.३६ सेकंदांत दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं. ०.२ सेकंद पाय नुसते सैल सोडले तरी अंग २० सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे हृदयावर मारलेला बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट, पाठीत रुततो. हल्लीची कप्प्यांची धनुष्यं (हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या माणसाला १९६९ साली तिचं पेटंट मिळालं) बाण बरेच जोरात फेकतात, पण आवाजाला हरवू शकत नाहीत. लेटन्सीचा प्रॉब्लेम आहे हो, हार्डवेअर बदलून कमी होतो, संपत नाही.

आता मराठीकडे येऊ. मित्राच्या भाषेत या सगळ्या प्रकाराला दोन शब्द जोडून नाव दिलंय. आपल्याकडे एकच शब्द आहे आणि तो आपण रोज वापरतो: वर्म. बाण वर्मी लागला, वर्मावर बोट ठेवलं, वर्मी घाव. संस्कृतातलं मर्म ते हेच. सुश्रुताने माणसाच्या शरीरातली १०७ मर्मं मोजली, कुठे घाव बसला तर माणूस लगेच जातो, कुठे काही दिवसांनी, कुठे आत रुतलेलं शल्य उपटल्यावर, असं वर्गीकरणही केलं. हे वैद्यकाचं ज्ञान आहे, पण वैद्याला ते रणांगणावरून आणि शिकारीतून येणाऱ्या जखमांनीच शिकवलं असणार. आज ऑफिसात कुणी कुणाला टोमणा मारला की आपण सहज म्हणतो "वर्मी लागलं त्याला". त्या वाक्यात धनुष्य आहे याची आठवण कुणाला नसते.

मचाणही जुनं आहे. संस्कृत मंच, त्याचं मचाण. आणि शिकारीचा संबंध नसलेलं त्याचं भावंडं गावोगाव आहे: शेतातला माळा. ज्वारी कणसावर आली की चार खांबांवर माळा बांधायचा, वर गोफण घेऊन बसायचं आणि पाखरं हाकलायची. माळ्यावर चढायचं कारण पीक डोक्याच्या वर गेलेलं असतं, खालून काही दिसत नाही. शिकाऱ्याचं कारण थोडं वेगळं. वर बसलं की अंगाचा वास हरणाच्या नाकावरून निघून जातो, आणि हरणाची नजर आडव्या पट्ट्यात फिरते, वर कमी जाते. अमेरिकेत हे चालून जातं. आपल्या जंगलात मात्र मचाणाच्याही वर वानरं बसलेली असतात आणि ती चितळांना फुकटात अलार्म देतात. तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना ही सोय नाही, बिचारी.

किल्ल्यांवर हा वरून मारण्याचा विचार दगडात दिसतो. तटातल्या जंग्या बघा पुढच्या ट्रेकला. भिंतीतलं ते भोक आतून बाहेर जाताना खाली उतरत जातं, कारण शत्रू खाली असतो. काही जंग्या समोरच्यासाठी, काही अगदी पायथ्याशी आलेल्यासाठी जास्त तिरक्या. पाच मीटरवरचं हरीण आणि वीस मीटरवरचं हरीण हा जो फरक मघाशी काढला, तोच कुणी अनाम गवंड्याने बांधून ठेवलाय. आपण तिथे उभं राहून सेल्फी काढतो. असो.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सगळ्यात आधी जो ग्रंथ सापडला तो म्हणजे मानसोल्लास. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास लिहिलेला. हे कल्याण आपलं लोकलवालं नव्हे. आजचं बसवकल्याण, कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. शंभर प्रकरणांचा हा संस्कृत विश्वकोश आहे. राजाने कसं जेवावं, हत्ती कसे पाळावेत, रत्नं कशी पारखावीत, मासे कसे पकडावेत, सगळं आहे. मराठीच्या इतिहासात त्याचं नाव घेतात ते त्यात आलेल्या जुन्या मराठी पदांच्या ओळींमुळे. पण त्यातच मृगयाविनोद म्हणून शिकारीचा भागही आहे, आणि हरणांच्या शिकारीच्या पद्धती तिथे एकेक करून दिल्या आहेत. पाळीव हरीण भुलावण म्हणून सोडायचं आणि त्याच्याकडे रानातली हरणं ओढून घ्यायची, ही त्यातलीच एक. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य मालेत गजानन श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला, पहिला खंड १९२५ चा.

वाचताना मला एक जाणवलं. सोमेश्वराला शिकार हे 'विनोद' आहे, म्हणजे करमणूक. नृत्य, कुस्ती, फासे यांच्या रांगेत ती येते. हरणाजवळ कसं पोचायचं यात त्याला रस आहे.

जखमेचा विचार मात्र आपल्याकडे गोष्टींमध्ये झाला. तुम्हीच आठवून बघा, आपल्याला लहानपणी सांगितलेल्या शिकारीच्या गोष्टींपैकी बहुतेक चुकलेल्या बाणाच्या आहेत. दशरथ रात्री नदीकाठी दबा धरून बसला, घड्यात पाणी भरल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं वाटून त्याने शब्दवेधी बाण मारला आणि श्रावणबाळ गेला. पंडूने जोडीने असलेल्या हरणाला मारलं, तो निघाला ऋषी. प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाला झाडाखाली हरीण दिसलं, तो होता श्रीकृष्णाचा पाय. तिन्ही बाण अचूक लागले आहेत! नेमबाजी उत्तम, ओळख चुकली. आमच्याकडे याला म्हणतात, टेस्ट पास झाली पण रिक्वायरमेंटच चुकीची होती.

बौद्ध कथांमध्ये तर याहून टोचणारं आहे. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यात साम जातक रंगवलं आहे. गोष्ट श्रावणबाळासारखीच, आंधळ्या आईवडिलांचा मुलगा नदीवर पाणी भरायला येतो. फरक एवढाच की पाणवठ्याजवळ लपून बसलेल्या राजाला तो स्पष्ट दिसतो. हरणं त्याच्या भोवती निर्धास्त फिरत असतात. हा प्राणी आहे तरी कोण, जवळ गेलो तर पळेल, म्हणून आधी जायबंदी करू आणि मग विचारू, असं म्हणून राजा विषारी बाण सोडतो. दशरथाला निदान अंधाराची सबब होती. त्याच दोन लेण्यांत षड्दंत जातकही आहे. त्यातला सोनुत्तर नावाचा व्याध मचाणाच्या बरोबर उलट करतो: जमिनीत खड्डा खणून, वर झाकण घालून, हत्ती डोक्यावर आला की खालून पोटात बाण मारतो. जाड कातडीच्या जनावराला मऊ जागा कुठे आहे हे त्या गोष्टी रचणाऱ्यांना नीट ठाऊक होतं.

आता तुम्ही म्हणाल अजिंठा लांब आहे. मग विरार लोकल पकडा. नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो तुकडा आज फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अशोकाच्या चौदा लेखांपैकी हा आठवा. गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींमुळे तो अख्खा वाचता येतो, आणि त्याचा विषय ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो: पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यात शिकार आणि तसलीच करमणूक असे, मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. म्हणजे साधारण तेवीसशे वर्षांपूर्वी आपल्या वेस्टर्न लाइनवर एक राजा दगडावर जाहीर करत होता की मी शिकार सोडली. (पहिल्या लेखात तो प्रामाणिकपणे हेही सांगतो की राजवाड्याच्या मुदपाकखान्यात अजून दोन मोर आणि एक हरीण रोज कापलं जातं, आणि हरीणही रोज नाही. पुढे तेही बंद होईल म्हणतो. फेज वाइज रोलआउट!)

सोमेश्वर आला तो अशोकानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी, म्हणजे सोपाऱ्याचा दगड एव्हाना कुणाच्या लक्षातही नसणार.

बंदूक आल्यावर राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा बाण सुटला, मचाण राहिलं. इंग्रजांनी शब्दसुद्धा तसाच उचलला. मचाणावरची सगळ्यात गाजलेली गोळी बहुधा जिम कॉर्बेटची, रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने मे १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावर बसून रात्री मारला. खाली बांधलेल्या बकरीच्या घंटेचा आवाज, क्षणभर टॉर्चचा उजेड आणि एक गोळी. त्या काळच्या शिकाऱ्यांमध्ये एक अलिखित नियम होता की जखमी केलेलं जनावर सोडून घरी यायचं नाही. त्यात दया किती आणि भीती किती कोण जाणे, कारण जखमी वाघ-बिबट्या पुढे गावाच्या गळ्यात येतो. कॉर्बेटच्या कित्येक नरभक्षकांच्या अंगात जुन्या जखमा निघाल्या, काही साळिंदराच्या काट्यांच्या, काही कुणाच्या तरी फसलेल्या गोळीच्या.

बाणावरचा विचार या काळात पुन्हा सुरू झाला तो अमेरिकेत, आणि तोही एका आदिवासी माणसामुळे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला इशी नावाचा याही जमातीचा शेवटचा माणूस एकटाच, उपाशी, गावात आला. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाच्या म्युझियममध्ये ठेवलं गेलं. शेजारच्या मेडिकल स्कूलमधला सर्जन सॅक्स्टन पोप त्याचा डॉक्टर झाला, आणि त्याच्याकडून धनुष्य करायला, लपायला, सशाचा आवाज काढायला शिकला. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोपने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेतली हौशी धनुष्यशिकार त्यातून वाढली. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुष्यासाठी हरणांचा वेगळा हंगाम ठेवला. माझा मित्र ज्या खुर्चीवर बसलाय तिची वंशावळ ही अशी आहे: ज्याची सगळी जमात बंदुकांनी संपवली त्या माणसाकडून शिकलेली विद्या. मित्राला हे माहीत नव्हतं. मी कळवल्यावर दोन दिवस त्याचा मेल आला नाही.

आपल्याकडे आदिवासींच्या धनुष्याचं काय झालं? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आणि आरे कॉलनीत वारल्यांचे पाडे आजही आहेत. जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे (२०११ ची पद्मश्री, २०१८ मध्ये निधन) वारली चित्रं जगभर गेली. आपल्या सोसायटीच्या लॉबीत, कॉफी मगवर, कुर्त्यावर ती असतात. त्या चित्रांत नीट बघा, तारपा नाचाच्या बाजूला कुठेतरी धनुष्य ताणलेला माणूस आणि पळणारं हरीण सापडेल. ते चित्र आपण विकत घेऊ शकतो. ते कृत्य १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

त्या कायद्याचीही एक गंमत आहे. मूळ रूपात त्यात परवाना काढून काही जनावरांची शिकार करायची सोय होती, चितळ-सांबरसुद्धा त्यात येत. पण परवानेवाल्यावर अटी होत्या: गाडीतून मारायचं नाही, पाणवठ्यावर दबा धरून मारायचं नाही. म्हणजे दशरथ आणि साम जातकातला राजा दोघेही आत गेले असते. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे जंगलावरचे पुष्कळसे जुने हक्क मान्य केले, पण त्यातही शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

मला विचाराल तर बंदी बरोबर आहे. शंभर-सव्वाशे चौरस किलोमीटरही नसलेल्या उद्यानाला चारी बाजूंनी बिल्डिंगांनी वेढलंय, तिथे एक चितळही कुणाच्या हौसेसाठी देण्यासारखं नाही. पण जंगलं रिकामी केली ती मुख्यतः मचाणावरच्या बंदुकांनी आणि कुऱ्हाडीने, आणि शिक्षा सगळ्यांना सारखी झाली. कोल्हापूरकरांचं शिकारीचं राखीव रान पुढे दाजीपूरचं अभयारण्य झालं आणि राजांना द्रष्टे म्हणून मान मिळाला. पाड्यावरच्या माणसाला नुसती केस मिळाली. हे लिहिताना मी एसीत बसलोय याची मला जाणीव आहे.

मचाणं मात्र अजून बांधली जातात. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला महाराष्ट्रातल्या अनेक जंगलांत पाणवठ्याशेजारी मचाणावर रात्रभर बसून प्राणी मोजायची परंपरा आहे. हल्ली त्याला निसर्गानुभव म्हणतात आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनाही पैसे भरून बसता येतं. नियम सगळे शिकाऱ्याचेच: अत्तर लावायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही, उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही.

आणि वरून नेम धरणारी माणसंही मुंबईत आहेत. मुलुंड, भांडुप, ठाणे, बोरिवली, गोरेगाव या पट्ट्यात बिबट्या सोसायटीत, शाळेत, कारखान्यात अडकला की वनखात्याची टीम येते आणि डॉक्टर बेशुद्धीचं डार्ट मारतात. कित्येकदा ते जिन्यावरून, गॅलरीतून किंवा खिडकीच्या गजातून, म्हणजे उंचावरूनच. कायद्याच्या व्याख्येत पकडणंही 'शिकार' यातच बसतं, म्हणून त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

इथे वर्म उलटं होतं. बाणाला जी जागा हवी ती डार्टला अजिबात चालत नाही. छातीत किंवा पोटात सुई गेली तर जनावर मरू शकतं. डार्टला हवा जाड स्नायू, मागची मांडी किंवा खांदा. आणि वरून बघितलं की नेमका तोच भाग अरुंद दिसतो, मधोमध पाठीचा कणा आणि दोन्ही बाजूंना स्नायूची पट्टी. अंतर कमी असेल तर बंदुकीचा दाब कमी करायला लागतो, नाहीतर सुई स्नायू फाडून हाडावर आदळते. दाब जास्त कमी केला तर डार्ट टोचून गळून पडतं आणि औषध आत जातच नाही. शिवाय वजनाचा अंदाज लांबून, अर्ध्या उजेडात घ्यायचा, कारण डोस वजनावर ठरतो. मघाची माझी सगळी गणितं शांत उभ्या असलेल्या हरणासाठी होती. इथे जनावर फ्रीजच्या मागे दबून गुरगुरत असतं.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मुळात डार्ट मारायचं का. २००४ च्या आसपास या उद्यानाच्या कडेला बिबट्यांचे माणसांवर बरेच हल्ले झाले, माणसं गेली, आणि तेव्हा उत्तर होतं पिंजरे लावा, पकडा, दुसरीकडे सोडा. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे जिथे सोडले तिथले हल्ले वाढतात. २०११ मध्ये मुंबईत वनखातं, अभ्यासक आणि नागरिक यांनी एकत्र येऊन काम सुरू केलं, कचरा आणि कुत्री कमी करा, बिबट्या दिसला म्हणून पकडा म्हणू नका, हे सोसायट्यांना सांगायला लागले. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत उद्यान आणि आजूबाजूला ३५ बिबटे होते. म्हणजे ते आहेतच, रोज रात्री आहेत, आणि बहुतेक रात्री कुणालाही काही होत नाही. डार्ट फक्त तेव्हा, जेव्हा जनावर खरोखर अडकलंय आणि त्याला स्वतःहून बाहेर पडायला वाट नाही.

मारल्यावर औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिकाऱ्याने बाण मारून थांबायचं असतं तसंच इथेही थांबायचं असतं, आणि त्याच वेळात बहुतेक गोंधळ होतो. घाबरलेल्या, चवताळलेल्या जनावरावर औषध नीट चढत नाही. गेटबाहेर पाचशे माणसं असतात, शिट्ट्या चालू असतात, कुणीतरी मोबाइल उंच करून कंपाउंडवर चढलेला असतो. बिबट्या डार्ट घेऊन पळतो तो तेव्हा. त्यामुळे कधी तुमच्या बिल्डिंगमध्ये ही वेळ आली तर दार लावून घ्या, दिवा बंद करा आणि खिडकीत येऊ नका. फोटो डॉक्टर काढतील.